नमुना क्रमांक सात

उद्यमनगरातली मगदूमांची फौंड्री पाडायची ठरली
तेव्हा त्यांनी मला बोलावलं.
पाडण्याआधी कागद लागतो बँकेला,
कशात काय आहे याचा.

मी मोजते. छपराचे पत्रे एकशे अठ्ठेचाळीस,
सिमेंटचे, पन्हळी, बोल्टांच्या टोप्या गंजून गेलेल्या.
आठ तडकलेले. एकातून चिंच उगवलीय.
पन्हाळ, पाण्याची टाकी,
ऑफिसातली काळी-हिरवी फरशी, तिच्याखालचा डिंक.

आधी फवारा. पाण्यात साबणाचा एक थेंब.
ओलं झालं की धूळ उडत नाही.
मग पक्कडीनं नखाएवढा तुकडा,
तुटलेल्या जागी लगेच रंगाचं बोट,
तुकडा पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत,
वर नंबर, तारीख, माझी सही.
मास्कच्या आत माझाच श्वास ऐकू येतो
रंकाळ्यात बुडी मारल्यागत.

भूपाल मगदूम शिडीच्या पायथ्याशी उभे.
"मॅडम, 'नाही' असं लिहिता येत नाही का?
भंगारवाला पत्रे विकत घेतोय आत्ता.
तुमचा कागद आला की तोच उलटा पैसे मागणार."
प्रयोगशाळा सांगेल ते लिहीन, मी म्हणते.
"मग चहा तरी घ्या."
मास्क काढता येत नाही.
साचा ठेवायच्या फळीवर चहा निवत जातो.

मागच्या बाजूला कामगारांच्या चार खोल्या,
त्याही पाडायच्या.
तिसरीत हिंदुराव लोहार, भट्टीवर एकतीस वर्षं,
भुवया अजून आलेल्या नाहीत नीट.
मी छत बघितलं, मोरीचा पाइप बघितला,
निघाले, तर म्हणाले,
"ह्ये बी बघा जरा."

फळीवरच्या देवांपुढं पितळी दिवा.
वात पांढुरकी, जाड, टोकाशी काजळी.

"भट्टीच्या दाराला दोरी असायची.
तिचा एक पीळ सोडून आणला हुता, बोटाएवढा.
वात केली. जळंचना!
त्याल संपायचं, वात हाय तशी.
हिला वाटलं देवाची किरपा.
गल्लीतल्या बायका बघाय यायच्या.
एकीनं नारळ बी ठेवला.
आता काय बोलायचं, सांगा.
बावीस वरसं बोललो न्हाई."

मग त्यांनी दाखवलं,
ती रोज सकाळी काजळी कशी काढायची.
अंगठा आणि पहिलं बोट,
चिमूट,
आणि दाराच्या उजेडात एक टिचकी.

हवेत काहीच नव्हतं.
तरी मी श्वास धरला, मास्क असून.

माझ्या फॉर्मवर एक रकाना असतो:
हात किती वेळा लागतो.
कधीतरी, महिन्यातून, रोज.
मी 'रोज'वर खूण केली.

पुढचं विचारायला रकाना नाही.
ते आपणच म्हणाले, "शीपीआरमधी गेली. छातीचं हुतं.
डाक्टर बोलला चुलीचा धूर."
जरा थांबून,
"आसंल बी. चूल हुतीच की."

मी फवारा उचलला.
शेजारी जोतिबा, बाळकृष्ण, एक सुपारी.
त्यांना हलवू का विचारलं.
"ऱ्हाऊ द्या, भिजूदेत."

खरं तर नखाएवढी पुरते.
पण नियम असा की उरलेलीही घरात ठेवायची नाही.
मी हे सांगितलं, वाक्य नीट जमलं नाही.
त्यांनी मान हलवली
आणि दिवा रिकामा होईपर्यंत
भिंतीकडं बघत बसले.

नमुना क्रमांक सात. जागा: खोली तीन, देवाची फळी.
वस्तू या रकान्यात मी दोरी लिहिलं,
खोडलं,
वात लिहिलं.

फरशी स्वच्छ निघाली, हे मगदूमांना फोनवर सांगितलं.
बाकीच्यांवर ते काही बोलले नाहीत.

त्या दिवशी मी पिशव्यांवर चिकटपट्टी लावत होते,
तोवर हिंदुरावांनी उशी उसवून कापूस काढला,
मांडीवर वळला,
दिव्यात ठेवला, पेटवला.
माझ्या सह्या होईस्तोवर
वात निम्म्यावर आली.

"लई लौकर जळती की ही,"
ते म्हणाले,
आणि दुसरी वळायला घेतली.